मंत्र्यांच्या अघोषित भेटीची माहिती कशी मागावी, आणि ‘सुरक्षे’चं कारण देऊन नकार आला तर काय करावं

‘मंत्रिमहोदय अमुक तारखेला कुणाला भेटले आणि त्यांच्यात काय ठरलं?’ असा प्रश्न लिहिलेले माहिती अर्ज लोक मला आणून दाखवतात आणि उत्तर का आलं नाही म्हणून विचारतात. असल्या अर्जाला उत्तर मिळत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ कार्यालयात असलेला कागद मागण्याचा हक्क देतो. प्रश्नांची उत्तरं लिहून द्यायला तो अधिकाऱ्याला भाग पाडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. तरी ‘दहा रुपये भरा आणि सरकारला जाब विचारा’ असा सल्ला देणारे थांबत नाहीत. जाब नंतर विचारा, आधी कागद हातात येऊ द्या.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास मंत्री प्रीती पटेल ऑगस्ट २०१७ मध्ये सुट्टीवर इस्रायलला गेल्या आणि रीतसर न कळवता तिथे पंतप्रधान नेतान्याहूंसह अनेकांना भेटल्या. हे बाहेर आल्यावर ८ नोव्हेंबरला त्यांना पद सोडावं लागलं. तिथे मंत्र्यांसाठी लेखी आचारसंहिता आहे आणि त्यांच्या भेटींच्या याद्या सरकार वेळोवेळी प्रसिद्ध करतं, म्हणून नियम कुठे मोडला यावर बोट ठेवता येतं. आपल्याकडे मंत्र्याने भेटींची यादी जाहीर केलीच पाहिजे असा कायदा नाही. मग काय होतं, ते त्याच वर्षी डिसेंबरात दिसलं. ६ तारखेला काँग्रेस नेते मणिशंकर अय्यर यांच्या दिल्लीतल्या घरी पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद कसुरी यांच्यासोबत जेवण झालं. माजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि माजी उपराष्ट्रपती हमीद अन्सारी तिथे होते. गुजरातच्या प्रचारात पालनपूरच्या सभेत पंतप्रधान मोदींनी त्या बैठकीवर संशय घेतला, मनमोहन सिंगांनी माफीची मागणी केली, आणि २७ डिसेंबरला अरुण जेटलींनी राज्यसभेत खुलासा केल्यावर वाद मिटला. भेटीची जाहीर नोंद आधीपासून असती तर संशयाला आणि आरोपाला, दोन्हींना जागा कमी उरली असती. खासगी घरातल्या अशा जेवणापर्यंत किंवा परदेशी वकिलातीपर्यंत माहितीचा कायदा पोचत नाही, हे लक्षात ठेवा. आपण बोलतोय ते पदावर असलेल्या मंत्र्यांबद्दल.

कागद कोणते मागायचे

भेट गुप्त असली तरी मंत्री सरकारी गाडीतून जातो, सरकारी विश्रामगृहात उतरतो आणि प्रवासाचं देयक सादर करतो. माहितीच्या व्याख्येत, कलम २ मध्येच, लॉगबुक हा शब्द आहे. म्हणून मी सुरुवात नेहमी वाहनाच्या लॉगबुकापासून करतो. पानावर तारीख, कुठून-कुठे, वेळ, सुरुवातीचं आणि अखेरचं किलोमीटर वाचन, प्रयोजन आणि सही असे रकाने असतात. प्रयोजनात बहुतेक वेळा ‘शासकीय काम’ एवढंच लिहिलेलं सापडतं. तुम्ही किलोमीटर बघा. जाहीर दौरा कार्यक्रमात मुंबई-पुणे आहे आणि गाडी त्याहून साठ किलोमीटर जास्त चालली आहे, तर पुढचा अर्ज कशाबद्दल करायचा ते कळलं.

दुसरा कागद अभ्यागत नोंदवहीचा. तिचं मोल किती असतं हे २०१४ मध्ये सीबीआयचे तत्कालीन संचालक रणजित सिन्हा यांच्या प्रकरणात दिसलं. त्यांच्या निवासस्थानाची नोंदवही वकील प्रशांत भूषण यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आणली, न्यायालयाने सिन्हांना टू-जी तपासापासून दूर केलं, आणि २०१५ मध्ये तपास अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत आरोपींना भेटणं पूर्णपणे अनुचित असल्याचं म्हटलं. दाराशी ठेवलेल्या वहीने हे केलं.

भेट परदेशी व्यक्तीशी असेल तर राजशिष्टाचार शाखेचा पत्रव्यवहार मागा. दौरा परदेशातला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या राजकीय मंजुरीचं पत्र मागा. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० चं कलम ६ तर अनेकांच्या नजरेतून सुटतं. विधिमंडळ सदस्य, राजकीय पक्षाचे पदाधिकारी आणि सरकारी कर्मचारी यांना परदेशात परकीय आदरातिथ्य (म्हणजे परक्यांच्या खर्चाने प्रवास, राहणं-जेवण) स्वीकारायचं असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. हा अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, म्हणजे तुमचा माहिती अर्जही तिथेच.

मागणी अशी लिहा: ‘मा. मंत्री (खात्याचं नाव) यांच्या वापरातील शासकीय वाहनाच्या लॉगबुकातील दि. १ ते दि. १५ या कालावधीच्या पानांच्या साक्षांकित प्रती. सुरक्षा कर्मचाऱ्यांची नावे, वाहनसंख्या व ताफ्याचा तपशील वगळून दिल्या तरी चालतील.’ दुसरं वाक्य विसरू नका, त्याचा उपयोग खाली कळेल.

आणि एक कडक सूचना. पुढच्या दौऱ्याचे कार्यक्रम, बंदोबस्ताची संख्या, येण्या-जाण्याचे मार्ग, निवासस्थानाचा नकाशा यांतलं काहीही मागू नका. ती माहिती खरोखरच कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते, आणि ती मागणाऱ्याचा पुढचा प्रत्येक अर्ज संशयाने वाचला जातो. होऊन गेलेल्या तारखाच मागा.

अर्ज

महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. केंद्रासाठी ५०० शब्द. कारण लिहू नका, कलम ६(२) नुसार ते द्यावं लागत नाही. तीस दिवस थांबा.

‘कलम ८(१)(क) नुसार माहिती देता येत नाही’

बहुतेक अर्ज इथे मरतात. मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते याच टप्प्यावर, म्हणून सावकाश सांगतो.

८(१)(क) मध्ये देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, सामरिक, वैज्ञानिक किंवा आर्थिक हितसंबंध आणि परराष्ट्र संबंध येतात. पण कलम सांगतं की माहिती उघड झाल्याने या गोष्टींना बाधा पोचत असेल तरच ती नाकारता येते. कागदाचा विषय सुरक्षेच्या आसपासचा आहे, एवढं पुरत नाही. आलेल्या नकारात बाधा कशी पोचेल याचं एक तरी वाक्य आहे का ते बघा. बहुधा नसतं, नुसता कलमाचा आकडा असतो. कलम ७(८) नुसार नकाराची कारणं कळवणं बंधनकारक आहे, आणि कलम १९(५) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर आहे. अपिलाचा पहिला मुद्दा हाच करा.

दुसरा मुद्दा कलम १०. नोंदीतला काही भाग गोपनीय असेल तर तो झाकून उरलेला द्यावा लागतो. अर्जातलं ते दुसरं वाक्य आता कामाला येतं: सुरक्षेचा तपशील तुम्ही आपणहून सोडलेला आहे, मग उरलेल्या तारखा आणि किलोमीटर यांनी कोणती सुरक्षा धोक्यात येते, हे आता अधिकाऱ्याला सांगावं लागेल. मला विचाराल तर सुरक्षेच्या नकाराविरुद्ध याहून चांगलं हत्यार नाही. ‘सगळं द्या, जनतेला हक्क आहे’ असं ताणून धरणारे अपिलात हरतात, कारण अपिलीय अधिकाऱ्यालाही ताफ्याचा तपशील देता येत नाही आणि तेवढ्या आधारावर तो सगळंच फेटाळून मोकळा होतो.

तिसरा मुद्दा न्यायालयाचे निकाल. दोन-तीनच द्या, पानं भरू नका. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला दर वेळी मोकळीक मिळणार नाही. माध्यमम ब्रॉडकास्टिंग (मीडियावन वाहिनी) प्रकरणाच्या ५ एप्रिल २०२३ च्या निकालात सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही, त्याला आधार लागतो, असं म्हटलं आहे. त्याआधी १९७५ चा राज नारायण खटला आहेच. तिथे मागितलेला एक कागद पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या सुरक्षेच्या सूचनांचं ‘ब्लू बुक’ होता, आणि तरीही न्यायालयाने सार्वजनिक कृती जाणून घेण्याचा लोकांचा हक्क ठामपणे मांडला. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ पुढे केला गेला तर कलम २२ दाखवा: विसंगती असेल तिथे माहितीचा अधिकार वरचढ ठरतो.

चौथा मुद्दा सार्वजनिक हित, कलम ८(२). तो शेवटी ठेवा आणि नेमका लिहा. ‘भ्रष्टाचार उघड व्हावा’ हे हित झालं नाही. ‘याच आठवड्यात या खात्याने अमुक निविदा उघडली आणि त्याच कंपनीचे प्रतिनिधी भेटल्याचं वृत्त आहे’ असं, तारीख आणि निविदेचा क्रमांक देऊन लिहा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) म्हणजे वैयक्तिक माहितीचं कलम रुंद केल्यापासून भेटायला आलेल्यांची नावं नाकारायला ते वापरलं जाऊ शकतं. तिथेही ८(२) हाच मार्ग आहे.

नकारात कलम २४ असेल तर प्रकरण वेगळं. गुप्तवार्ता ब्यूरो, रॉ यांसारख्या गुप्तचर संस्था माहितीच्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्क उल्लंघनाचा आरोप असेल तरच अपवाद. पण गाडी त्या संस्थेची नसते, मंत्र्याच्या कार्यालयाची असते. तोच कागद तिथून मागा.

अपिलात राजकारण लिहू नका. पक्षाचं नाव नको, मंत्र्याच्या हेतूबद्दल शब्द नको. मुद्दे चार, पानं दोन.

सुनावणी आणि पुढे

पहिलं अपील तीस दिवसांत, राज्यात वीस रुपयांच्या स्टॅम्पसह; केंद्रात फी नाही. सुनावणीला जा आणि सकारण लेखी आदेश मागा. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, केंद्राचा विषय असेल तर केंद्रीय आयोगाकडे. दंडाची मागणी तिथे करा: कलम २० नुसार दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये.

आयोगापुढे नंबर लागायला बराच काळ जाऊ शकतो, आणि तेवढ्यात नोंदवहीची जतन मुदत संपून ती निकाली निघू शकते. म्हणून पहिल्याच अपिलाच्या शेवटी एक ओळ लिहा: ‘अपिलाचा अंतिम निर्णय होईपर्यंत मागितलेले अभिलेख नष्ट करू नयेत.’ खाली महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा उल्लेख करा आणि त्या पानाची आवक शिक्का मारलेली पोच घ्या.