या चुका टाळा: स्नायूपेशींच्या पटलाला बांधलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजताना

स्नायूपेशींच्या पटलाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन किती बांधले जातात, हे शोधणाऱ्या प्रयोगांतले बहुतेक घोटाळे पटलात नसून द्रावणात असतात. द्रावणात घातलेले एकूण कॅल्शियम आणि त्यातले मोकळे उरलेले कॅल्शियम या दोन वेगळ्या राशी आहेत. बंधन अवलंबून असते ते मोकळ्या आयनांच्या संहतीवर, तरीही आलेखाच्या आडव्या अक्षावर बाटलीवर लिहिलेला आकडा सर्रास मांडला जातो.

विश्रांतीतल्या स्नायूपेशीत मोकळे कॅल्शियम सुमारे ०.१ मायक्रोमोलर असते. ऊर्ध्वपातित पाणी, इतर क्षार आणि काचेची भांडी यांतून नकळत येणारे कॅल्शियम मात्र सहज काही मायक्रोमोलरपर्यंत जाते, म्हणजे ‘कॅल्शियमविरहित’ म्हणून वापरलेल्या द्रावणातच पेशीतल्यापेक्षा अधिक कॅल्शियम असू शकते. हा घोटाळा जुनाच आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ सिडनी रिंगर यांच्या बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांत क्षारद्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवले गेले होते, आणि हृदयाचे आकुंचन टिकवणारा घटक त्या पाण्यातले कॅल्शियम होता, हे त्यांनी १८८३ साली स्वतःच प्रसिद्ध केले. म्हणून द्रावणे प्लास्टिकच्या भांड्यांत ठेवावीत आणि कोऱ्या द्रावणातले कॅल्शियम प्रत्येक वेळी मोजावे. ते शून्य आहे असे गृहीत धरू नये.

मोकळे कॅल्शियम ठरावीक पातळीवर ठेवण्यासाठी ईजीटीए हे कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन वापरतात, आणि खरी गफलत इथेच होते. सामू ७ च्या आसपास ईजीटीएची कॅल्शियमशी असलेली आसक्ती सामूच्या एका एककाने जवळजवळ शंभरपट बदलते. त्यामुळे सामू अवघा ०.१ ने घसरला तरी मोकळे कॅल्शियम सुमारे दीडपट होते. शिवाय ईजीटीएला कॅल्शियम जोडले जाताना प्रत्येक आयनामागे जवळपास दोन प्रोटॉन सुटतात, म्हणजे कॅल्शियम घालण्याची क्रियाच सामू खाली ओढते. यावर उपाय सोपा आहे: सामू स्थिर ठेवणारा बफर पुरेसा ठेवावा, कॅल्शियम घातल्यानंतर सामू पुन्हा जुळवावा आणि तापमान प्रयोगाचेच असावे. ईडीटीए हे तशाच प्रकारचे रसायन मॅग्नेशियमलाही घट्ट धरते, त्यामुळे फक्त कॅल्शियम आवरायचे असेल तेव्हा त्याचा उपयोग नाही.

मॅग्नेशियमबाबतचा गैरसमज वेगळ्या प्रकारचा आहे. पटल कॅल्शियमला पसंत करते आणि मॅग्नेशियमला नाकारते, असे सरसकट लिहिले जाते. प्रत्यक्षात फॉस्फॅटिडिलसेरीनसारख्या ऋणप्रभारित लिपिडाशी असलेले त्यांचे बंधनस्थिरांक (बंधन किती घट्ट ते सांगणारे आकडे) फारसे दूर नाहीत. कॅल्शियमचा सुमारे १२ आणि मॅग्नेशियमचा सुमारे ८ प्रति मोलर आहे. मोठी निवड करतात ती प्रथिने, कारण लहान मॅग्नेशियम आयन भोवतीचे पाणी घट्ट धरून ठेवतो आणि कॅल्शियमसाठी घडलेल्या जागेत नीट बसत नाही. पेशीत मोकळे मॅग्नेशियम सुमारे १ मिलिमोलर, म्हणजे विश्रांतीतल्या कॅल्शियमच्या हजारो पट असते, तेव्हा आसक्ती कमी असूनही ते जागा अडवते. मॅग्नेशियम वगळून काढलेला कॅल्शियमचा आकडा पेशीला जसाच्या तसा लावू नये. मिश्रणात एटीपी असल्यास ते बरेचसे मॅग्नेशियम स्वतःकडे ओढते, याचाही हिशोब धरावा.

बंधन आणि पुटिकांमध्ये (पटलाच्या बारीक बंद पिशव्यांमध्ये) होणारी साठवण यांची गल्लतही नेहमीची आहे. सारकोप्लाझ्मिक रेटिक्युलम या स्नायूपेशीतल्या कॅल्शियम साठवणाऱ्या जाळ्याच्या पुटिकांना एटीपी मिळाले की पंप कॅल्शियम आत ओढतो, आणि मोजणीयंत्राला ते पटलावर आहे की आत, हे कळत नाही. ए२३१८७ हा कॅल्शियम पटलातून आरपार नेणारा आयनवाहक घातल्यावर जे बाहेर पडते, ते बहुतांशी आत साठलेले असते. याउलट, सैल बांधलेले आयन गाळणपत्रावर धुताना काही क्षणांत निघून जातात आणि बंधन खोटेच कमी दिसते. अशा वेळी न धुता सेंट्रिफ्यूज करावे आणि गोळ्यात अडकलेल्या द्रावणाचे प्रमाण पुटिकांच्या आत न शिरणाऱ्या इन्युलिनने मोजून वजा करावे.

फॉस्फेट बफर टाळावा, कारण कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो आणि तोच बंधन म्हणून मोजला जातो. ज्वालेच्या अणुशोषण पद्धतीत नमुन्यातले फॉस्फेटही कॅल्शियमचे वाचन घटवते. त्यासाठी नमुन्यांत आणि मानक द्रावणांत फॉस्फेटला बांधून ठेवणारे लॅन्थॅनम सारखेच घालावे.