टेंडन ट्रान्सफरची तारीख मिळाली असेल तर

दंडाचं हाड मोडलं, त्यात रेडियल नस (मनगट आणि बोटं उचलणारा मज्जातंतू) गेली आणि माझं उजवं मनगट लोंबकळू लागलं. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, तेव्हा थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो, आणि फक्त थांबलोच. शेवटी टेंडन ट्रान्सफरची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या तपासणीत डॉक्टरांनी माझी बोटं वाकवून पाहिली आणि तारीख रद्द केली. अंगठ्याची बेचकी आवळली होती, सांधे आखडले होते. तीन महिने गेले.

म्हणून आधी सांधे. या शस्त्रक्रियेत चांगल्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बंद पडलेल्या स्नायूच्या टेंडनला जोडतात. पण आखडलेला सांधा मोकळा करण्याइतकी ताकद त्यात नसते. आज दुसऱ्या हाताने बोट जेवढं हलतं, त्यापेक्षा जास्त ते नंतरही हलणार नाही. एकेक बोट मुळापासून वाकवा, सरळ करा, अंगठा तळव्यापासून लांब न्या, मनगट वर उचलून धरा. दिवसातून तीन-चार वेळा, झटका न देता. कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर उचलून धरणारा आधार) घातला की झालं, अशी माझी समजूत होती. तसं नाही! स्प्लिंट मनगट धरून ठेवतो, सांधे फिरवत नाही.

फिजिओ घराजवळचा बघा. मी पुण्यात वारज्यातून कॅम्पात जायचो, एका हाताने पीएमटी बसमधला दांडा धरून. कंटाळून जाणंच सोडलं, आणि तिथेच घात झाला.

फाईलमध्ये ईएमजी-एनसीव्हीचा (नस आणि स्नायू किती काम करतात त्या तपासणीचा) रिपोर्ट हवा, पण अपघातानंतर तीन-चार आठवड्यांनी काढलेला. पहिल्या आठवड्यातल्या रिपोर्टवरून नस किती गेली ते नीट कळत नाही. कुठला टेंडन कुठे जाणार, हे डॉक्टरांना विचारून घ्या. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा वाकवा. मधोमध दोरीसारखा उठतो तो पामारिस लाँगस. अंगठा सरळ करायला बहुधा तोच घेतात. काहींना तो जन्मतःच नसतो, मग दुसरा वापरतात. घाबरू नका.

आज बोटं फिरवलीत? आधी फिरवा, मग पुढचं वाचा.

हाताच्या पाठीला बधिरपणा असेल तर तव्यापासून लांब राहा. भाजलेल्या कातडीवर कोणी चिरा देणार नाही. डायबेटिसच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगा, मनाने बंद करू नका. अंगठी काढा, नखं कापा. समोरून उघडणारा, सैल बाहीचा शर्ट न्या. उपाशीपोटीचं ते सांगतीलच.

नंतर साधारण चार आठवडे प्लास्टर, मग स्प्लिंट आणि व्यायाम. मनगट उचलायला आता तळवा पालथा करणारा स्नायू लावलेला असतो, म्हणून सुरुवातीला तळवा पालथा करतोय असं मनात आणायचं, की मनगट वर येतं. प्लास्टरबाहेरचे सांधे आणि खांदा कधीपासून हलवायचे, ते घरी सोडण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्या.