टॅलीचे शॉर्टकट वापरताना या चुका टाळा

नागपुरातल्या इतवारीतली किराणा पेढी असो की हिंगणा एमआयडीसीतलं छोटं युनिट, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसलेला माणूस माऊसला क्वचितच हात लावतो. त्यात गैर काही नाही. पण टॅली चुकीचं व्हाउचरही (म्हणजे व्यवहाराची नोंद) बिनबोभाट सेव्ह करतं, आणि चूक कळते ती जीएसटी रिटर्न भरायच्या आदल्या संध्याकाळी.

जुनं बटण, नवं टॅली

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ईआरपी ९ या जुन्या टॅलीत क्रेडिट नोट (विकलेला माल परत आल्याची नोंद) कंट्रोल+एफ८ वर होती आणि डेबिट नोट (घेतलेला माल परत केल्याची नोंद) कंट्रोल+एफ९ वर. २०२० साली आलेल्या टॅलीप्राइममध्ये हीच बटणं सेल्स ऑर्डर आणि पर्चेस ऑर्डरची झाली. आता क्रेडिट नोटला ऑल्ट+एफ६ आणि डेबिट नोटला ऑल्ट+एफ५. गांधीबागेतल्या कापडवाल्याकडे माल वापस येतो, मुनीमजींचा हात सवयीने जुन्या बटणावर जातो, पार्टी आणि रक्कम भरून व्हाउचर सेव्ह होतं. ऑर्डरने ना खातं हलतं, ना स्टॉक. मग महिनाअखेर मालक विचारतो, "माल तं वापस आला ना भाऊ, मग उधारी काहून तेवढीच दिसून राहिली?" अशा वेळी डे बुक (रोजच्या व्हाउचरांची यादी) उघडून व्हाउचरचा प्रकार पाहा. ऑर्डर निघाली तर ती काढून टाका आणि क्रेडिट नोट नव्याने करा.

ऑल्ट+डी की ऑल्ट+एक्स?

ऑल्ट+डी व्हाउचर उडवतं. ऑल्ट+एक्स ते रद्द करतं, म्हणजे रक्कम जाते पण नंबर जागेवर राहतो. विक्रीच्या बिलाला ऑल्ट+एक्सच वापरा. जीएसटीत बिलांचे नंबर सलग लागतात आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या तक्ता १३ मध्ये रद्द बिलांची संख्या द्यावी लागते. ऑटोमॅटिक नंबरिंगमध्ये पुढचे नंबर सरकवायची सोय चालू असेल, तर मधलं एक बिल उडवल्यावर ग्राहकाच्या हातातलं छापील बिल आणि तुमचं टॅली यांचा मेळच बसत नाही. उडवलेलं व्हाउचर परत आणायचं म्हटलं तर बॅकअपच शोधावा लागतो. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) काढलेली असेल तर नुसतं टॅलीत रद्द करून भागत नाही. पोर्टलवर ती २४ तासांच्या आत रद्द करावी लागते. ती वेळ टळली की क्रेडिट नोटचा रस्ता.

कंट्रोल+ए ची घाई

हे बटण उरलेले रकाने ओलांडून थेट सेव्ह करतं. रिसीटमध्ये (पैसे आल्याच्या नोंदीत) बिलवार तपशील न पाहता ते दाबलं की रक्कम भलत्याच बिलाला लागू शकते किंवा ऑन अकाउंट, म्हणजे कुठल्याच बिलाला न लागता, पडून राहते, आणि पैसे देऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही पुन्हा तगाद्याचा फोन करता. माझ्या मते रिसीट आणि पेमेंटला एंटर-एंटर करतच शेवटपर्यंत जावं. दहा सेकंद जास्त लागतील, लागू द्या.

ऑल्ट+सी ने व्हाउचरमधूनच नवं खातं उघडता येतं. सोयीचं आहे, पण आधी यादीत नाव नीट शोधा. स्पेलिंग बदलून एकाच व्यापाऱ्याची तीन-तीन खाती झालेली पुष्कळ ठिकाणी सापडतील. अशा वेळी व्हाउचर एका खात्यावर वळवा, मगच रिकामं खातं उडवा. नोंदी असलेलं खातं टॅली उडवू देत नाही. ऑल्ट+२ ने व्हाउचरची नक्कल करताना नॅरेशनही (खालचा शेरा) सोबत येतं, म्हणून दुकानाच्या भाड्यात जुनाच महिना राहून जातो.

एफ२ चालतच नाही

एफ२ तारीख बदलतं, ऑल्ट+एफ२ रिपोर्टचा कालावधी. तारीख टाकूनही घेत नसेल तर लायसन्स पाहा: टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्सशिवायच्या शिकाऊ मोडमध्ये) गेलं की महिन्यातल्या मोजक्याच तारखा स्वीकारतं. आणि एफ२ दाबल्यावर लॅपटॉपचा उजेडच कमी-जास्त होत असेल, तर दोष टॅलीचा नाही. एफएन धरून एफ२ दाबून बघा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन+एस्केप दाबलं की ही कटकट कायमची मिटते.