हेल्स गेटमध्ये पायी फिरायला जाताय? या चुका टाळा

केनियाची सहल ठरवताना आपल्याकडचे बहुतेक पर्यटक मसाई मारा, अंबोसेली आणि नाकुरू ही नावे धरून चालतात आणि नैवाशा सरोवराच्या दक्षिणेला असलेले हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान ‘एखादा दिवस उरला तर पाहू’ म्हणून शेवटी टाकतात. नैरोबीपासून सुमारे ९० किलोमीटरवरचे, १९८४ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान अवघे ६८ चौरस किलोमीटरचे आहे. मात्र गाडीतून खाली उतरू नये हा इतर उद्यानांतला कडक नियम इथे नाही. झेब्रे, जिराफ, गॅझेल हरणे आणि वॉर्टहॉग ही रानडुकरे चरत असतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने तुम्ही पायी किंवा सायकलने जाऊ शकता. या उद्यानाचे खरे धन ही मोकळीकच आहे, आणि इथे होणाऱ्या बहुतेक चुका तिचा अर्थ नीट न समजल्यामुळे होतात.

पहिली चूक घरूनच सोबत येते, ती म्हणजे सिंह दिसण्याची अपेक्षा. मोठे शिकारी प्राणी इथे फार कमी आहेत, म्हणून तर पायी फिरण्याची परवानगी आहे. जो सिंहासाठी येतो तो दोन तासांत कंटाळून परततो. जो कड्यांकडे मान वर करून पाहतो त्याला गिधाडे, गरुड आणि कातळाच्या फटींतून सुळसुळणारे पाकोळ्यांचे थवे दिसतात. प्रवेशद्वारापासून जवळच फिशर्स टॉवर नावाचा सुमारे २५ मीटर उंचीचा सुळका उभा आहे. त्याच्या पायथ्याशी हायरॅक्स हे सशाएवढे, शेपूट नसलेले प्राणी ऊन खात बसलेले असतात. तिथे थोडा वेळ शांत बसावे. पायी फिरणाऱ्यालाच मिळणारे सुख आहे ते.

सर्वांत गंभीर चूक मात्र उद्यानातल्या ओल न्जोरोवा घळीत होते. फार पूर्वी नैवाशाच्या खोऱ्यात आजच्यापेक्षा कितीतरी मोठे सरोवर होते आणि त्याचे पाणी बाहेर पडण्याची वाट म्हणजे ही घळ. तिच्या भिंती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या ठिसूळ थरांच्या आहेत. पाण्याने त्यांना वळणे दिली आहेत, आणि काही ठिकाणी घळ इतकी अरुंद होते की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. दृश्य विलक्षण आहे, यात शंका नाही. पण ही आजही पाण्याचीच वाट आहे, आणि पाऊस तुमच्या डोक्यावरच पडला पाहिजे असे नाही. दूरच्या उतारांवर सर पडली, की ते पाणी झपाट्याने ओढ्यांत उतरते आणि वर आकाश निळे असतानाही अरुंद भागात पाण्याचा लोंढा येऊन आदळतो. एप्रिल २०१२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०१९ मध्ये अशाच लोंढ्यांत प्रत्येकी सात जणांचा बळी गेला. त्यानंतर घळ काही काळ बंदही ठेवण्यात आली होती, त्यामुळे ती सध्या खुली आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात सांदण दरीत उतरू नये हे आपल्याकडे सर्वांना पाठ असते. तोच माणूस परदेशात गेला, की तिकीट काढले आहे, दिवस एकच आहे, या हिशेबाने ढगांकडे काणाडोळा करतो. मार्च ते मे हा तिथल्या मोठ्या पावसाचा काळ असतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत छोटा पाऊस येतो. या महिन्यांत घळीचा विचार सोडून द्यावा आणि वरच्या पठारावर फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोरड्या दिवसांतही स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय खाली उतरू नये. वर चढून जाण्याच्या जागा कोणत्या वळणांवर आहेत, हे त्याला ठाऊक असते. ‘आज नको’ असे त्याने किंवा वनरक्षकाने म्हटले, तर घासाघीस न करता मागे फिरावे. घळीत काही ठिकाणी भिंतींतून कढत पाणी झिरपते, कारण खाली जमीन अजून तापलेली आहे. शेजारच्या ओल्कारिया येथे १९८१ पासून याच उष्णतेच्या वाफेवर वीज तयार होते. पाणी किती गरम आहे हे पाहण्यासाठी हात घालू नये. बूट खाचदार तळव्याचे असावेत, कारण ओल्या राखेवर साधे कॅनव्हासचे बूट हमखास घसरतात.

प्राण्यांपैकी खरी धास्ती बाळगावी ती रानम्हशीची. कळप दिसला की वाट सोडून लांबून वळसा घालावा, आणि झुडपाआड एकटा नर उभा दिसला तर त्याहून जास्त अंतर ठेवावे. छायाचित्रासाठी चार पावले पुढे जाण्याचा मोह इथेच आवरावा लागतो. बबून माकडांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना पिशवी उघडण्याचा आवाज कळतो, त्यामुळे डबा उघड्यावर काढून बसू नये.

सायकल मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर भाड्याने मिळते. आमच्या एका सोबत्याने घाईत मिळेल ती उचलली आणि पहिल्याच उतारावर तिचा मागचा ब्रेक नुसताच तारेवर लोंबकळत असल्याचे लक्षात आले. पैसे देण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, चाके फिरवून पाहावीत, टायर बोटांनी चाचपावेत. फाट्यापासून घळीपर्यंतचे अंतर कागदावर थोडे वाटते. भुसभुशीत धुळीत, सुमारे १,९०० मीटर उंचीवर आणि विषुववृत्ताच्या उन्हात तेच परतताना दुप्पट भासते. सकाळी सहाला दार उघडते तेव्हाच आत शिरावे. त्याच दिवशी शेजारचा २,७७६ मीटर उंचीचा लोंगोनोट पर्वतही उरकण्याचा बेत करू नये.

प्रवेशशुल्क ऑनलाइन भरावे लागते, त्यामुळे नोटा घेऊन दारात उभे राहण्याचा उपयोग नाही. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना संरक्षित क्षेत्रांत जून २०२० पासून बंदी आहे. पाणी धातूच्या बाटलीत न्यावे आणि प्रत्येकी तीन लिटरपेक्षा कमी नेऊ नये. कॅरीबॅगवर तर संपूर्ण देशात २०१७ पासूनच बंदी आहे, म्हणून विमानात बसण्यापूर्वीच त्या बॅगेतून काढून टाकाव्यात.

शेवटची चूक परतीच्या वेळी उघडी पडते. केनियाहून भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते, तिथे वेळ आधी ठरवावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते. म्हणून हे काम विमानाच्या तिकिटाबरोबरच हाती घ्यावे. प्रमाणपत्राचे ते पिवळे कार्ड मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टच्या पाकिटात ठेवावे आणि त्यावरचे नाव व पासपोर्ट क्रमांक बरोबर लिहिला आहे ना, हे केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वीच वाचून पाहावे.