पाहुण्यांना घेऊन एक दिवस: सकाळी पांडवलेणी, दुपारी सिन्नर

नाशिकला पाहुणे आले की रामकुंड, काळाराम, पंचवटी हे होतंच. तिसऱ्या दिवशी चहा घेताना प्रश्न येतो, "आता जवळपास काय बघायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सकाळी पांडवलेणी, दुपारनंतर सिन्नर. दोनच ठिकाणं. त्र्यंबक, अंजनेरी, चांदवडचा रंगमहाल यांना वेगळा दिवस द्या. एकदा नणंदेकडची मंडळी आली तेव्हा भाड्याची गाडी करून आम्ही एका दिवसात सहा ठिकाणं उरकली होती. रात्री जेवताना भाचीला विचारलं, काय काय पाहिलंस? तिला एकही नाव सांगता येईना. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दोनच.

पांडवलेण्याला सकाळी लवकर पोचा. मुंबई-आग्रा महामार्गावर शहरापासून आठेक किलोमीटर. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, ते उतरताना बघा. आधी बघितलंत तर वर चढेपर्यंत ऊन तापतं. पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, पण चढ बेताचा आहे. माझ्या सासूबाई सत्तरीत तीन ठिकाणी बसून चढल्या होत्या. पाणी खालूनच भरून घ्या आणि प्रत्येकाच्या हातात नाही तरी घरात एक चांगली बॅटरी असतेच, ती आठवणीने न्या. मोबाइलचा उजेडही चालेल.

लेणी चोवीस आहेत. सगळ्यांत डोकावत बसू नका. पाटीवरचे आकडे बघत आधी दहा नंबरला जा, मग तीनला.

दहा नंबरच्या व्हरांड्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. उजेड समोरून टाकलात तर काहीच दिसत नाही. बॅटरी भिंतीच्या बाजूने, तिरपी धरा. अक्षरांच्या खाचेत सावली बसते आणि ओळ उठून दिसते. हात मात्र लावू द्यायचा नाही, पोरांना आधीच बजावून ठेवा. ब्राह्मीतला 'ध' ओळखायला सोपा, धनुष्य आणि त्याची दोरी असावी तसं अर्धवर्तुळ. लेखाची सुरुवात 'सिधं' अशी आहे, त्यात तो सापडतो. ज्या मुलाला सापडतो त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हा लेख उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा. मी नाशिकरोडच्या एका पतसंस्थेत बत्तीस वर्षं व्याजाचे हिशेब केले, म्हणून असेल, पण मला हा लेख घरचा वाटतो. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत कोष्ट्यांच्या संघाकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, आणि तिथला दर लेखात लिहिलाय 'पायून'. पाऊण! आपण 'पाऊण तास' म्हणतो तोच पाऊण. दोन हजारांचं वर्षाचं व्याज मुलांना तिथेच करायला लावा. २४० येतं. वीस भिक्षू, प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, बारा. लेखातले शब्दही 'वीसाय' आणि 'बारसक' असे आहेत. आणि ज्या गुहेसाठी हे सगळं, तिला तो 'लेण' म्हणतो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर आपलेच शब्द, आपलाच हिशेब! एवढं एक नीट दाखवलंत तरी सकाळ सार्थकी लागली.

तीन नंबरला सहा धिप्पाड गण लेण्याचा भार खांद्यावर घेऊन उभे आहेत, ते सगळ्यांना आवडतात. आत शिरण्याआधी व्हरांड्यातला मोठा लेख दाखवा. तो गौतमी बलश्रीचा, आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगणारा. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती आई म्हणते. आणि क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, त्याने निःपात केला असंही. शत्रूच्या जावयाचं लेणं थोड्याच पावलांवर आहे, हे सांगायला विसरू नका.

अकराच्या सुमाराला खाली उतरा. मिसळ खाऊन किंवा डबा सोडून थोडा आराम करा. दुपारच्या उन्हात देऊळ बघण्यात अर्थ नाही.

सिन्नर पुणे रस्त्याने साधारण तीस किलोमीटर. एसटी नाशिकरोडवरून मिळते. गुरुवार आणि शनिवार-रविवार टाळता आला तर बरं, शिर्डीला जाणाऱ्यांची गर्दी असते. साडेतीन-चारला गोंदेश्वराच्या आवारात पोचलात की उतरतं ऊन मिळतं.

हे गाव कधीकाळी राजधानी होतं. यादवांच्या सेऊणचंद्राने वसवलेलं सेऊणपूर ते हेच, असं मानतात. बाराव्या शतकाच्या अखेरीला पाचव्या भिल्लमाने राजधानी देवगिरीला नेली. "मग राजवाडा कुठंय?" असं मुलं विचारणारच. राजवाडा शोधू नका. जे आहे ते हे देऊळ आहे. मधे महादेव, चार कोपऱ्यांना पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची लहान देवळं, समोर नंदीचा मंडप, सगळं एका उंच जोत्यावर. लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण हेमाद्री पंडित, म्हणजे हेमाडपंत, तेराव्या शतकातला. हे देऊळ अकराव्या-बाराव्या शतकातलं मानतात. जोत्यावरून आधी एक फेरी पूर्ण घाला, मग कोपऱ्यात उभं राहून मुख्य शिखर बघा. एकावर एक बसवलेल्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा खालून वर निमुळत्या होत जातात. ऊन तिरपं झालं की प्रत्येक मण्याची सावली वेगळी पडते. इथे अर्धा तास कुणी बोललं नाही तरी चालेल. वेळ उरला तर गावातलं ऐश्वर्येश्वराचं देऊळही बघा. शिखर पडलेलं आहे, पण आतलं मकरतोरण फार देखणं आहे.

परतताना चेहेडीला दारणेचा पूल लागतो. तिथे उजव्या हाताला नदी जाते त्या दिशेला बोट दाखवा. पुढे जोगलटेंभीला ती गोदावरीला मिळते. त्या गावात १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, आणि त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ही गोष्ट सकाळी लेण्यात सांगू नका, या पुलासाठी राखून ठेवा. गेल्या मे महिन्यात माझा नातू ती ऐकून म्हणाला, "म्हणजे आजी, दहा नंबरवाल्यांच्या नाण्यांवर तीन नंबरवाल्यांनी शिक्का मारला!"