अवसेला माणूस बिघडतो का? घरच्या घरी कसं तपासावं

‘आज अवस आसा, तेका काय बोला नको.’ मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे वाक्य कुठल्याही घरात ऐकू येतं. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की समुद्राला उधाण येतं हे खरं. माणसाच्या डोक्यालाही येतं का, हे मानसशास्त्राच्या रीतीने तपासता येतं.

आधी दावा असा मांडा की तो खोटा ठरू शकेल. ‘अवसेचा परिणाम होतो’ हे कसंही वळवता येतं. त्यापेक्षा लिहा: पौर्णिमा, अमावस्या आणि त्यांच्या आदल्या-दुसऱ्या दिवशी चिडचिड इतर दिवसांपेक्षा जास्त होते.

मग चिडचिड म्हणजे काय ते ठरवा. रोज रात्री जेवणाआधी प्रत्येकाने स्वतःला ० ते १० गुण द्यावेत. ७ किंवा वर म्हणजे चिडचिडीचा दिवस. घरच्यांना विचारूनच हे करा. कशासाठी ते मात्र शेवटी सांगा, आणि तेही आधीच कबूल करून घ्या. शेजारच्या आजारी माणसावर पाळत ठेवू नका, तो प्रयोग नव्हे.

नोंदवहीत तिथी लिहू नका, ती डोळ्यासमोर असली की गुणही नकळत तिकडे झुकतात. जर्मनीतला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी ख्याती होती. मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही चुकतो. तो समोरच्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. म्हणून कॅलेंडरशी जुळवणी महिनाअखेरीस दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. किनाऱ्यावर भरतीच्या आवाजावरून तिथी कळते, त्याला इलाज नाही. त्यातल्या त्यात आतल्या वाडीतलं घर बरं.

आता खरी गंमत मोजणीत आहे. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, आणि आपण धरलेले दिवस ६. म्हणजे चिडचिडीचे २० दिवस भरले, तर त्यातले सरासरी ४ नुसत्या योगायोगाने या दिवसांत पडतात. आपल्याला नेमके तेच आठवतात. अवसेला शांत गेलेला दिवस आणि एरवी झालेली भांडणं कुणी मोजत नाही, म्हणून चारही खाने भरा: अवस-पुनवेची चिडचिड, त्याच दिवसांतली शांतता, इतर दिवसांची चिडचिड, इतर दिवसांची शांतता.

चंद्राखेरीज दुसरी कारणंही बघा. शिमगा पौर्णिमेला, लक्ष्मीपूजन अमावस्येला. पालखीच्या मानावरून झालेलं भांडण किंवा दिवाळीला आलेल्या चाकरमान्यांनी काढलेला वाटणीचा विषय चंद्राच्या माथी मारू नये.

रॉटन आणि केली या संशोधकांनी १९८५ मध्ये चंद्र आणि माणसाचं वागणं यांवरच्या ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. चंद्रकलेचा वाटा नगण्य निघाला. तुमच्या वहीत वेगळं दिसलं तर लगेच गावभर सांगू नका. सणावारांचा महिना सोडून पुन्हा तीन महिने नोंदी ठेवा, आणि या वेळी जमलं तर शेजारच्या घरालाही नोंदवहीला बसवा.