रात्रीच्या काळजीला संध्याकाळची वेळ द्या

अंथरुणाला पाठ टेकली की कूलरच्या घरघरीसोबत डोक्यातलं चक्रही सुरू होतं: मुलाची फी, आईची शुगर.

१. संध्याकाळी ७ च्या सुमारास १५ मिनिटं वही घेऊन बसा. पलंगावर नको, गच्ची उत्तम, नागपुरात तेव्हा ऊन उतरलेलं असतं.

२. प्रत्येक काळजी लिहा आणि तिच्यापुढे उद्याचं एकच बारीक काम. 'आईची शुगर' पुढे 'सकाळी उपाशीपोटी धंतोलीतल्या लॅबला नेणं'. हातात काहीच नसेल तिथे सरळ फुली मारा. मोबाइलवर लिहू नका, एक मेसेज आला की लक्ष गेलंच.

३. रात्री विचार आलाच तर 'वहीत आहे, उद्या ७ ला बघू' म्हणा.

झोप-भूक २ आठवडे उडालेली असेल, तर नुसत्या वहीवर भागवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत, २४ तास, मराठीतही.